डाग पडलेला चांगला कपडा रंगवून पुन्हा वापरात कसा आणायचा

कपडा चांगला आहे, कापड अजून घट्ट आहे, शिवण कुठे उसवलेली नाही, फक्त छातीवर नाहीतर मांडीवर एक डाग आहे जो काही केल्या जात नाही, आणि मग तो कपडा वर्षभर कपाटात पडून राहतो आणि शेवटी फरशी पुसायला जातो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे कपडे घरच्या घरी रंगवून अजून काही वर्षं मस्त वापरता येतात. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कपड्याचा रंग पारदर्शक असतो. रंगीत काचेतून बघितलं तरी मागची वस्तू दिसतेच ना, तसा डाग नव्या रंगाखालून दिसत राहतो. म्हणून "वरून रंग मारला की डाग झाकला जाईल" ह्या भरवशावर पातेलं गॅसवर ठेवू नका. निम्म्याहून जास्त काम रंग हातात घ्यायच्या आधीचं आहे.

आधी डागाकडे नीट बघा

रंगवायच्या दृष्टीने डागांचे तीन प्रकार पडतात आणि तिघांचं वागणं एकदम वेगळं असतं.

पहिला, जो कापडापेक्षा गडद आहे. चहा, कॉफी, शाई, गंज, घामाचा पिवळेपणा वगैरे. हा डाग पुरेशा गडद रंगाखाली जवळपास बुडून जातो. पण आधी जितका फिका करता येईल तितका करून घ्या. चहाकॉफी आणि घामासाठी ऑक्सिजनवाला ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) ४०-५० अंश गरम पाण्यात घालून तीन-चार तास भिजवणं मला सगळ्यात बरं वाटतं, सुती कापडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, मात्र रेशीम आणि लोकर ह्यांना ते अजिबात लावू नका. गंजाचा डाग ब्लीचने जात नाही, त्याला आम्ल लागतं, सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी लावून थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवून टाका.

दुसरा, तेलकट डाग. हा सगळ्यात फसवा. डोळ्यांना तो फिका दिसतो म्हणून आपण सोडून देतो आणि रंगवल्यावर नेमकं तिथेच कापड फटफटीत राहतं, कारण तेलाने रंगाचं पाणी आत शिरूच दिलेलं नसतं. ह्यासाठी एक सोपी टेस्ट आहे: कोरड्या कपड्यावर डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका आणि शेजारच्या स्वच्छ जागी दुसरा. दोन्ही थेंब सारख्याच वेळात जिरले तर ठीक. डागावरचा थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आत आहे, मग भांडी घासायचं लिक्विड थेट डागावर चोळा, अर्धा तास ठेवा, गरम पाण्याने धुवा, वाळवा आणि परत थेंब टाका. थेंब जिरेपर्यंत पुढे जाऊ नका, अगदी दोन-तीन वेळा करावं लागलं तरी. मेण, डिंक, फॅब्रिक सॉफ्टनरचे ओघळ ह्यांचंही असंच.

तिसरा प्रकार म्हणजे ब्लीचचा डाग, जो खरं तर डाग नाहीच, तिथला रंग उडालेला आहे. इथे दोन भानगडी असतात. एक, क्लोरीनवाला ब्लीच धुतल्यावरही थोडा धाग्यात राहू शकतो आणि नवा रंगही खातो. म्हणून आधी तो थांबवा: सोडियम थायोसल्फेट, ज्याला फोटोग्राफीवाले हायपो म्हणतात, ते पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा घालून कपडा त्यात १५ मिनिटं ठेवायचा. ते मिळत नसेल तर ३ टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक भागाला दहा भाग पाणी. व्हिनेगर मात्र कधीही वापरू नका, बरेच लोक सांगतात पण क्लोरीन ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दुसरी भानगड अशी की ब्लीचने धागा कमजोर होतो, म्हणून त्या जागी कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा. तिथे विरत असेल तर रंगवून उपयोग नाही, उद्या भोक पडणार.

कापड कशाचं आहे

हे न बघता रंग विकत घेणं म्हणजे पैसे वाया. प्रत्येक धाग्याचा रंग वेगळ्या जातीचा असतो. सुती, लिनन, व्हिस्कोस, रेयॉन ही सगळी झाडापासून आलेली मंडळी, ह्यांना रिॲक्टिव्ह डाय. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून, ह्यांना ॲसिड डाय, आणि नायलॉन कृत्रिम असूनही ॲसिड डायच घेतं. पॉलिएस्टरला डिस्पर्स डाय. पाकिटावर "सर्व कापडांसाठी" लिहिलेले जे रंग मिळतात त्यात सहसा सुतीसाठी डायरेक्ट डाय आणि लोकरीसाठी ॲसिड डाय असं मिश्रण असतं, कपड्याला लागेल तो भाग लागतो आणि बाकीचा पाण्यासोबत निघून जातो. चालतात ते, पण सुतीवर दर धुण्याला थोडे थोडे उतरत राहतात.

आतल्या लेबलवर टक्केवारी असते. लेबल कापून टाकलं असेल तर आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकजवळ जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख आली तर सुती किंवा त्याच्या भावंडांपैकी. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर मिक्स कापड.

मिक्सबद्दल मनाची तयारी ठेवा. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कॉटनचा शर्ट रिॲक्टिव्ह डायमध्ये घातला तर फक्त तो ३५ टक्के रंगतो, म्हणजे तुम्ही काळा टाकलात तरी हाती येणार राखाडी, आणि राखाडीखाली डाग दिसणार.

अजून एक, शिवणीचा दोरा. कपडा शंभर टक्के सुती असला तरी दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो आणि तो रंग घेत नाही. पांढरा शर्ट नेव्ही ब्लू केला की कॉलर, काजं, खिशाच्या कडा सगळीकडे पांढरी शिवण दिसेल. मला स्वतःला ते छान दिसतं, मुद्दाम केल्यासारखं, पण ज्याला आवडत नाही त्याने आधीच विचार करावा. चेन, बटणं, रबरी प्रिंट, भरतकाम ह्यांचंही तेच. वॉटरप्रूफ किंवा "डाग पडत नाही, इस्त्री लागत नाही" असं फिनिश असलेलं कापड रंग नीट घेत नाही, तिथे थेंबाची टेस्ट परत कामाला येते. आणि अस्तरवाले, फक्त ड्रायक्लीन लिहिलेले कोट ह्यात घालू नका, बाहेरचं कापड वेगळं आतलं वेगळं, एक आटतं एक आटत नाही, सगळा आकार बिघडतो.

रंग कुठला निवडायचा

नियम सोपा आहे, फिक्याकडून गडदकडेच जाता येतं. आणि जुना रंग नव्यात मिसळतो, पिवळ्या टी-शर्टवर निळा टाकलात की हिरवा होणार, गुलाबीवर निळा टाकलात की जांभळा. त्यामुळे हवा तो शेवटचा रंग ठरवताना आत्ताचा रंग मोजूनच ठरवा.

डाग तपकिरी पिवळसर असेल तर डोळे झाकून काळ्याकडे धावू नका असं माझं मत आहे. चॉकलेटी, शेवाळी, मरून, विटकरी ह्या रंगांत तपकिरीपणा आधीच असतो, त्यात असा डाग विरघळून जातो. फिक्या निळ्यात तोच डाग मळकट हिरवट दिसतो. काळा खरं तर घरी सगळ्यात अवघड, त्याला इतर रंगांच्या दुप्पट पावडर लागते आणि कमी पडली की मेलेला राखाडी होतो.

आणि ज्या कपड्यावर डाग जायचं नावच घेत नाही त्याला एकसारखा सपाट रंग देऊच नका. सपाट रंगावर नजर लगेच ठिपका शोधते. त्याऐवजी मुद्दाम ढगाळ, कमीजास्त रंग आणा, म्हणजे डाग त्या नक्षीचाच भाग होऊन जातो. करायचं काय तर ओला कपडा चुरगळून लहान भांड्यात गच्च बसवायचा, वरून जेमतेम बुडेल इतकंच रंगाचं पाणी ओतायचं आणि हलवायचं नाही. डाग फक्त खालच्या घेराजवळ असेल तर तेवढाच भाग बुडवून हळूहळू वर उचलत नेला तर खाली गर्द आणि वर फिकं होत जातं, तेही सुंदर दिसतं.

तयारी

कपडा कोरडा असताना वजन करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. साधारण टी-शर्ट १५०-२०० ग्रॅम, शर्ट २००-२५०, जीन्स ६०० च्या पुढे. पुढची सगळी मापं ह्या वजनावर आहेत, अंदाजाने पावडर टाकणाऱ्यांचे रंग फिके येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

रिॲक्टिव्ह डाय, फिक्या छटेला वजनाच्या अर्धा ते १ टक्का, मध्यम २-३ टक्के, गर्द ४-५, काळा ८ च्या आसपास. म्हणजे २५० ग्रॅमचा शर्ट मध्यम रंगात करायचा तर ५ ते साडेसात ग्रॅम पावडर, काळा करायचा तर २० ग्रॅम.

बाकी सामान: मोठी प्लास्टिकची बादली किंवा स्टीलचं पातेलं (ॲल्युमिनियम नको, सोड्याने खराब होतं), साधं मीठ, सोडा ॲश, लांब दांड्याचा चमचा, रबरी हातमोजे आणि मास्क. मास्क कशाला असं वाटेल पण रिॲक्टिव्ह डायची पावडर श्वासात गेली तर काही लोकांना कायमची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा पावडर मोजताना आणि कालवताना मास्क लावाच, पंखा बंद ठेवा. एकदा पाण्यात विरघळली की ती उडत नाही. आणि रंगाला वापरलेलं भांडं, चमचा परत स्वयंपाकात आणू नका.

सोड्याबद्दल नीट वाचा कारण गोंधळ इथेच होतो. हवा तो सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो ह्या कामाला फार सौम्य पडतो, रंग बसत नाही. धुण्याचा सोडा खड्यांसारखा, स्फटिकाचा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, तो सोडा ॲशच्या साधारण पावणेतीन पट घ्यावा लागतो.

रंगवायच्या आधी कपडा एकदा खरोखर कडक धुवा. सुती असेल तर खूप गरम पाणी, थोडा सोडा ॲश, थोडी डिटर्जंट पावडर, अर्धा तास, मग स्वच्छ पाण्यात खळबळून काढा. नव्या कपड्यातली खळ आणि जुन्यातला सॉफ्टनर दोन्ही निघायला हवेत. सॉफ्टनर घालू नका हे वेगळं सांगायला नको. कपडा ओलाच ठेवा, कोरडा कपडा रंगात टाकला की चट्टे पडतात.

सुती कपडा, प्रत्यक्ष कृती

मी २५० ग्रॅमच्या शर्टाचं माप देतोय. पाच लिटर कोमट पाणी, ३५-४० अंश, म्हणजे हाताला छान ऊबदार लागेल इतकं. रंगाची पावडर आधी वाटीत दोन चमचे पाण्यात कालवून पेस्ट करा, मग पाणी वाढवत पातळ करा, जुन्या पातळ फडक्यातून गाळून बादलीत ओता. न विरघळलेला एक कण शर्टावर चिकटला की तिथे गडद ठिपका पडतो आणि तो निघत नाही, म्हणून गाळायचा कंटाळा करू नका. मग ३०० ग्रॅम मीठ घालून विरघळवा. पाण्यात सुती धागा आणि रंग दोघांवरही ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, मीठ तो भार झाकतं आणि रंग धाग्याजवळ जातो.

ओला शर्ट पूर्ण उघडून, बटणं न लावता आत सोडा. पुढची २० मिनिटं हलवत राहा, घड्या उलगडत, खालचं वर करत, बाह्या आतून बाहेरून फिरवत. सगळ्या कृतीत हाच भाग मेहनतीचा आहे, ह्यात कुचराई झाली की पट्टे येतात.

मग ५० ग्रॅम सोडा ॲश वेगळ्या भांड्यात अर्धा लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, हातमोजे असू द्या. शर्ट उचलून बाजूला धरा, सोड्याचं थोडं पाणी ओता, ढवळा, शर्ट परत आत. पाच मिनिटांनी परत थोडं. असं १५ मिनिटांत तीन हप्त्यांत संपवा. थेट कापडावर ओतलं तर जिथे पडेल तिथे रंग एकदम पकडतो. सोडा पडल्यावर खरं काम सुरू होतं, रंगाचा धाग्याशी रासायनिक बंध तयार होतो, त्यामुळेच हे रंग इतके पक्के असतात. १९५६ साली आयसीआय ह्या ब्रिटिश कंपनीने प्रोसियन नावाने असे पहिले रंग बाजारात आणले आणि सुती कपडा न उकळता पक्का रंगवणं सोपं झालं.

सोड्यानंतर अर्धा तास सतत हलवा, पुढे एक तास अधूनमधून. पाणी अजून गडद दिसतं म्हणून रंग शिल्लक आहे असं समजून दुसऱ्या दिवशी दुसरा कपडा त्यात घालू नका, सोडा पडला की रंग पाण्याशीही जोडला जातो आणि काही तासांत निकामी होतो.

मग धुणं. पहिल्यांदा गार पाण्यात, मीठ आणि सोडा जाईपर्यंत, दोन-तीन पाणी. त्यानंतर खूप गरम पाण्यात (६० अंशाच्या वर) थोडं डिटर्जंट घालून १५-२० मिनिटं, आणि हे पाणी स्वच्छ निघेपर्यंत परत परत. भरपूर रंग निघताना दिसेल, घाबरू नका, तो धाग्याला न जोडलेला रंग आहे, तो आत्ता नाही काढलात तर पुढे दुसऱ्या कपड्यांना लागेल. रंगवून झाल्यावर मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं, सुतीवर त्याने काहीही होत नाही. सावलीत, उलटा करून वाळवा. सुकल्यावरच रंगाचा निवाडा करा, ओला कपडा नेहमी दोन छटा गडद दिसतो.

रेशीम, लोकर आणि पॉलिएस्टर

रेशीम-लोकरीला सोडा नको, आम्ल आणि उष्णता हवी. ॲसिड डाय वजनाच्या १-२ टक्के, २५० ग्रॅम कपड्याला ८ ग्रॅमच्या आसपास सायट्रिक ॲसिड, आणि कपडा मोकळा फिरेल इतकं पाणी. कोमट पाण्यात सुरुवात करून अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू ८५ अंशापर्यंत न्या, उकळी फुटू देऊ नका, त्या तापमानाला ३० मिनिटं ठेवा आणि पाण्यातच गार होऊ द्या. लोकर अगदी हळुवार हलवा, एकदम गरम-गार आणि घुसळणं ह्याने ती आटून नमद्यासारखी (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी) होते. रंग नीट चढला की पाणी जवळजवळ नितळ होतं, ते बघायला मला फार आवडतं.

पॉलिएस्टर घरी रंगवायचं तर खास पॉलिएस्टरचाच रंग आणि जवळजवळ उकळतं पाणी, किमान अर्धा तास. कारखान्यात हे काम दाबाखाली १३० अंशाला होतं, त्यामुळे घरी गर्द छटा मिळवणं कठीण जातं. वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा.

वाळल्यावर अजून दिसतोय?

गडद डाग हलकासा दिसत असेल तर त्याच रंगाची दुसरी फेरी करा, पूर्ण माप घ्यायची गरज नाही, निम्मी पावडर पुरते, मीठ आणि सोडा मात्र पाण्याच्या प्रमाणात तेवढाच. फिका ठिपका राहिला असेल (तेल किंवा ब्लीच) तर अख्खा कपडा परत बुडवून फरक तसाच राहतो, दोन्ही जागा सारख्याच गडद होत जातात. आधी फक्त ठिपक्यावर काम करा: रंगाचं दाट पाणी, त्यात चिमूटभर सोडा, बारीक ब्रशने मधून कडेकडे पातळ होत जाईल असं लावा, प्लास्टिकखाली रात्रभर ओलं ठेवा, धुवा, वाळवा, आणि मग सगळ्या कपड्याची दुसरी फेरी. काळ्या कपड्यावरच्या नारिंगी ब्लीच डागाला हा उपाय चांगला लागू पडतो.

डाग एखाद-दोन नसून सगळीकडे शिंतोडे असतील तर सुती कपड्याचा मूळ रंगच आधी उतरवून घ्या. सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे रंगकाम करणाऱ्यांचं हायड्रोज, गरम पाण्यात सोड्याबरोबर वापरलं की बरेचसे रंग फिके पिवळट होतात आणि क्लोरीनसारखा धागा खात नाही. वास उग्र असतो, हे मोकळ्या हवेतच करायचं, आणि हायड्रोजच्या डब्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही कारण ओलावा लागला की ते तापतं आणि पेटूही शकतं. त्यानंतर कपडा भरपूर धुवून वर दिलेली कृती पहिल्यापासून.

पहिली तीन-चार धुणी नवा रंगवलेला कपडा वेगळा धुवा. पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर घासून बघायचं, फडक्याला रंग लागायचा थांबला की बाकीच्या कपड्यांत टाकायला हरकत नाही.